खो

स्मरणिकेसाठी लिही असा निरोप आला, त्याच दिवशी आपल्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, "या कामाला आता खो कुणी घातला?" मी त्या एका अक्षरापाशीच अडकले.

बाहेर तेरखेडा म्हणजे फटाक्यांचं गाव. आपल्याला मात्र मैदान आठवतं. चुन्याची फक्की, दोन खांब, मधली पाटी, चौकांत एकाआड एक उलट तोंडं करून बसलेल्या आठजणी आणि पाठलागावर नववी. तिनं मागं वळायचं नाही, पाटी ओलांडायची नाही. पळणारी कुठूनही निसटणार. म्हणून खो. तोही पाठीमागून, हात लावून, मोठ्यानं. हात आणि आवाज यांत अंतर पडलं की सरांची शिट्टी!

खेळ जुनाच. त्याला नियमांत बसवलं ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं, १९१४ च्या सुमारास. आपल्या जिल्ह्याच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. लिहितानाही छाती फुगते.

गंमत अशी की मैदानात खो दिला की खेळ पुढं सरकतो आणि बाहेर खो घातला की काम अडतं. मला वाटतं, हा बसलेलीच्या बाजूचा अर्थ असावा. खो देणारी तिची जागा घेते. तिला उठावंच लागतं. पुण्यात आमच्या ऑफिसात मात्र आपलं काम झालं की "टेस्टिंगला खो दिला" म्हणतात. तिथं मैदानातला अर्थ टिकून आहे.

दुसरा अर्थ मला कळला तो दहावीनंतरच्या उन्हाळ्यात. आपल्या संघातली सगळ्यांत चपळ कोण, हे सांगायला नको. तिची आजी आमच्या ओट्यावर बसून आईला म्हणाली, "इतकं चांगलं स्थळ आलंय, त्यात शिक्षणाचा खो कशाला घालायचा?" मी दारातच उभी होते. मे महिन्यात तिचं लग्न झालं, जूनमध्ये मी लातूरला अकरावीला गेले.

शेवटच्या सामन्यात तिनंच मला खो दिला होता. मी उठून पळाले, ती माझ्या चौकात बसली. गडी बाद झाला की नाही, ते आता आठवत नाही.

मेळाव्याला ती येणार आहे म्हणे. कुणीतरी मैदानावर फक्की मारून ठेवा.