राकेश शर्मा यांचा अंतराळपोशाख : एक भौतिक ऐतिहासिक साधन

नवी दिल्लीच्या नेहरू तारांगणात स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा यांचा अंतराळपोशाख जतन केलेला आहे. राष्ट्रीय अभिमानाचे प्रतीक म्हणून त्याकडे पाहिले जाते व ते स्वाभाविकच आहे. प्रस्तुत निबंधात मात्र ही वस्तू इतिहासाचे साधन म्हणून काय सांगते, याचा विचार केला आहे.

दि. ३ एप्रिल १९८४ रोजी शर्मा हे युरी मालिशेव व गेन्नादी स्त्रेकालोव यांच्यासह सोयूझ टी-११ यानातून सॅल्यूत-७ या अंतराळस्थानकाकडे निघाले. स्थानकावरील वास्तव्यात हाच पोशाख अंगावर असे, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः 'सोकोल' प्रकारचा हा पोशाख उड्डाण, जोडणी व परतीचा प्रवास यांपुरताच असतो. स्थानकात साधे कपडे वापरीत.

या पोशाखाचा जन्म एका दुर्घटनेतून झाला. जून १९७१ मध्ये सॅल्यूत-१ वरून परतताना सोयूझ-११ मधील झडप अवेळी उघडून यानातील हवा निघून गेली आणि दोब्रोवोल्स्की, वोल्कोव व पात्सायेव मृत्युमुखी पडले. त्यांच्या अंगावर दाबपोशाख नव्हते; तिघांना पोशाखासह बसण्याइतकी जागाच यानात नव्हती. पुढे 'झ्वेझ्दा' या संस्थेने सोकोल तयार केला व १९७३ पासून पोशाखधारी दोनच प्रवासी जाऊ लागले. तिसरे आसन परत आले ते १९८० मध्ये, सुधारित सोयूझ-टी यानाबरोबर. शर्मा गेले ते अशाच तिघांच्या चमूतून.

आणखी एक बाब. पोशाखासोबत तारांगणात असलेल्या सोयूझ टी-१० च्या कुपीने शर्मांना अवकाशात नेले, असे लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. टी-११ हे यान किझिम, सोलोव्योव व आत्कोव या स्थानकनिवासी चमूसाठी मागे ठेवून शर्मा ११ एप्रिलला टी-१० मधून उतरले. कुपी केवळ परतीची साक्षीदार आहे. पोशाख जाण्याचा आणि येण्याचाही.

नाशिककरांना हा इतिहास परका नाही. सोव्हिएत परवान्याखाली मिग-२१ विमाने बांधणारा ओझरचा कारखाना १९६४ चा. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या याच नाशिक विभागात शर्मा १९८७ ते १९९२ या काळात मुख्य चाचणी वैमानिक होते. विमान व पोशाख ही दोन्ही एकाच भारत-सोव्हिएत संबंधांची फळे. तथापि विमानाचे तंत्र ओझरला उतरले, पोशाखाचे उतरले नाही. गगनयानासाठी निवडलेल्या भारतीय वैमानिकांच्या पोशाखांचे काम २०२० मध्ये पुन्हा झ्वेझ्दाकडेच गेले.