फुगीर तोंडाचा ड्रायव्हर

गोल्फचे मैदान आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल ते कुंपणाबाहेरून, नाहीतर दूरदर्शनच्या पडद्यावर. तसा हा खेळ भारताला नवा नाही. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा आहे; ब्रिटिश बेटांच्या बाहेर इतका जुना गोल्फ क्लब दुसरा नाही. तरीही शाळेच्या पटांगणाशी या खेळाचा संबंध आला नाही, आणि या लेखामुळे तो यावा अशी आमची अपेक्षाही नाही. आम्हाला रस आहे तो गोल्फच्या थैलीतल्या एकाच वस्तूत. तिचे नाव ड्रायव्हर. अकरावी-बारावीच्या पुस्तकातले निम्मे यांत्रिकी या एका वस्तूत भरलेले आहे. शिवाय तिच्या इतिहासात कारागीर, प्राध्यापक, खेळाडू आणि नियम करणारी मंडळी यांच्यात बरोबर कोण याचा जो वाद झाला, तो शिक्षकांनी मुद्दाम पाहावा असा आहे.

आधी वस्तूची ओळख करून घेऊ. प्रत्येक खड्ड्याच्या खेळाची सुरुवात ‘टी’ नावाच्या लहानशा खुंटीवर चेंडू ठेवून होते. तिथून लांब फटका मारायचा तो ड्रायव्हरने. थैलीतला हा सर्वांत लांब दांड्याचा क्लब, आणि त्याच्या तोंडाचा मागे झुकलेला कल, ज्याला लॉफ्ट म्हणतात, तो सर्वांत कमी. साधारण नऊ ते बारा अंश. डोके सुमारे २०० ग्रॅम, चेंडू सुमारे ४६ ग्रॅम. दोघांची गाठ पडते ती सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरती. तेवढ्या वेळात डोके फार तर दोन सेंटिमीटर पुढे सरकते आणि चेंडू सेकंदाला साठ-सत्तर मीटर वेगाने सुटतो. चेंडूवरचे सरासरी बल सुमारे ६००० न्यूटन भरते. हे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे.

आता नेमकेपणाचे पाहू. चेंडू २०० मीटर जायचा असेल आणि सुरुवातीलाच दिशा पाच अंशांनी चुकली, तर तो साडेसतरा मीटर बाजूला पडतो. गवत कापलेला मधला पट्टा, म्हणजे फेअरवे, तीस-चाळीस मीटर रुंद. म्हणजे पाच अंशांत चेंडू पट्ट्याच्या काठावर. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश फिरतो हे लक्षात घेतले, तर खेळाडूकडून मागितली जाणारी अचूकता कळेल. आणि हे झाले चेंडू सरळ रेषेत गेला तर. तो तसा जात नाही, हवेत वळतो. सगळा इतिहास या वळण्याचा आहे.

चेंडू हवेत का वळतो, हा प्रश्न जुना. न्यूटनने १६७२ साली प्रकाशाविषयी लिहिताना टेनिसच्या वळणाऱ्या चेंडूचा दाखला दिला होता. माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये फिरणाऱ्या वस्तूवर हवा आडवे बल कसे लावते ते दाखवले. परंतु गोल्फच्या चेंडूवर हे ज्ञान लावले ते एडिंबरोचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी. टेट स्वतः गोल्फवेडे. त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ मध्ये ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकला आणि १९०० साली बोअर युद्धात मारला गेला. त्या काळी खेळाडूंत असा समज होता की चेंडूला कोणतीही फिरकी मिळणे वाईटच. टेट यांनी चेंडूला लांब फीत बांधली, ती पिळलेली नाही याची खात्री केली, चेंडू मारला आणि मग फितीला किती पीळ पडले ते मोजले. खर्च जवळजवळ शून्य! यावरून आणि आकडेमोडीवरून त्यांनी दाखवले की चांगल्या फटक्यात चेंडूला उलटी फिरकी असतेच, आणि तीच त्याला हवेत उचलून धरते. त्यांचे या विषयावरचे मोठे निबंध १८९३ आणि १८९६ चे आहेत.

येथे एक गोष्ट बाजूला सारायला हवी. वडिलांनी गणित करून फटक्याच्या लांबीची सीमा सांगितली आणि मुलाने ती मैदानावर मोडून दाखवली, अशी कथा मोठ्या चवीने सांगितली जाते. ऐकायला छान आहे, पण टेट यांच्यावर अन्याय करणारी आहे. फिरकी धरल्याशिवाय गणित जुळत नाही, हे सांगणारे तेच होते.

उलटी फिरकी चांगली, मग चेंडू डावी-उजवीकडे नेणारी फिरकी कोणती? पुष्कळांची कल्पना असते की चेंडूत दोन फिरक्या असतात, एक उलटी आणि एक आडवी. खरे म्हणजे चेंडू एकाच वेळी एकाच अक्षाभोवती फिरतो. अक्ष आडवा, जमिनीला समांतर असेल तर चेंडू फक्त उचलला जातो. अक्ष एका बाजूला कलला, तर उचलणारे बलही कलते आणि चेंडू त्या बाजूला वळतो. आता लॉफ्टकडे या. लॉफ्ट जास्त असेल तर उलटी फिरकी जास्त. मग हाताच्या तेवढ्याच चुकीने अक्ष कमी कलतो. लॉफ्ट कमी, तर तीच चूक अक्षाला अधिक कलवते. सर्वांत कमी लॉफ्टचा ड्रायव्हर सर्वांत वाकडा का मारतो, याचे अर्धे उत्तर हे आहे. उरलेले अर्धे त्याच्या लांब दांड्यात आहे.

आता कारागिरांकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चेंडू कातड्याच्या पिशवीत पिसे ठासून बनवीत. १८४८ च्या सुमारास गटापर्चा आला. हा मलायाकडच्या झाडांचा चीक. त्याचा नवा गुळगुळीत चेंडू हवेत नीट जाईना. खेळून ओरखडे पडले की तोच चेंडू चांगला जाई. म्हणून कारागीर नव्या चेंडूंवर मुद्दाम खाचा पाडू लागले. आजच्या चेंडूवरचे खळगे त्यांचेच वंशज. कारण न कळता उपाय सापडल्याचे हे पहिले उदाहरण.

दुसरे उदाहरण आमच्या मते अधिक मोलाचे. १८८० च्या दशकात ‘बल्जर’ नावाचा ड्रायव्हर निघाला. तोवर तोंड सपाट असे. याचे तोंड बाहेर फुगलेले, बहिर्गोल. हा कोणी काढला यावर हेन्री लॅम आणि धाकटा विली पार्क अशा दोघांचा दावा होता. तो वाद आपण सोडून देऊ. यांत्रिकीचा प्रश्न अधिक रंगतदार आहे. डोके घट्ट आणि न फिरणारे मानले, तर फुगीर तोंड हा शुद्ध वेडेपणा ठरतो. चेंडू मधोमध न लागता चवड्याकडे, म्हणजे डोक्याच्या टोकाकडे लागला, तर फुगीरपणामुळे तो आणखीच बाजूला जाणार. फळ्यावर आकृती काढणारा कोणीही हेच सांगेल. पण मैदानावर बल्जरचे चेंडू पट्ट्यात परत येत. का?

कारण डोके फिरते. उजव्या हाताचा खेळाडू घ्या. चेंडू चवड्याकडे लागला की तो बाजू मागे ढकलतो आणि डोके आपल्या गुरुत्वमध्याभोवती वळते. लाकडी डोक्याचा गुरुत्वमध्य तोंडापासून बराच मागे असतो. त्यामुळे वळताना तोंड नुसते उजवीकडे उघडत नाही, ते उजवीकडे सरकतेही. तोंडाला चिकटलेल्या चेंडूची मागची बाजू त्याबरोबर उजवीकडे ओढली जाते. दोन दातेरी चाके एकमेकांत अडकलेली असावीत, तसे डोके एका दिशेने आणि चेंडू उलट दिशेने फिरतो. या फिरकीने चेंडू हवेत डावीकडे वळतो. तोंड सपाट असते तर तो जरुरीपेक्षा जास्त डावीकडे गेला असता. फुगीर तोंड त्याला सुरुवातीला उजवीकडे सोडते, फिरकी त्याला परत आणते, आणि हिशेब मध्यावर मिटतो. टाचेकडे लागला तर सगळे उलट. लोखंडी क्लबांचा गुरुत्वमध्य तोंडाच्या अगदी जवळ असतो, तिथे हा परिणाम नगण्य. म्हणून त्यांची तोंडे आजही सपाट. विद्यार्थी ‘पुस्तकात असे नाही’ म्हणेल तेव्हा त्याला हे उदाहरण द्यावे, आणि पुस्तकातल्या आकृतीत कोणते गृहीत दडले आहे ते शोधायला लावावे.

विसाव्या शतकात ड्रायव्हरची डोकी मुख्यतः पर्सिमन या अमेरिकन झाडाच्या लाकडाची होत. विदर्भातल्या शिक्षकांना या झाडाचा भाऊबंद चांगला माहीत आहे. पर्सिमन डायोस्पायरॉस या प्रजातीतला. आपली टेंभुर्णी, जिची पाने विडीसाठी तेंदूपत्ता म्हणून गोळा होतात, तीही त्याच प्रजातीतली. दांडे हिकरीच्या लाकडाचे असत आणि फटक्यात पिळले जात. पोलादी दांडे अमेरिकेत १९२४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये नियमात बसले, तेव्हा ही पिळवणूक कमी झाली. डोके मात्र पन्नास वर्षे तसेच राहिले.

ते बदलले पोकळ धातूमुळे. गॅरी ॲडम्स यांनी १९७९ मध्ये टेलरमेड कंपनी काढून पोलादी ड्रायव्हर विकायला सुरुवात केली. खेळाडूंनी त्याला थट्टेने ‘पिट्सबर्ग पर्सिमन’ म्हटले; पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. पोकळ डोक्याचा फायदा कोणता? वर्गात एक फुटपट्टी घ्या. मधोमध मातीचे दोन गोळे चिकटवा आणि मध्याशी धरून हात मागेपुढे पिळा. मग तेच गोळे दोन्ही टोकांना लावा. वजन तेच, पण आता पट्टी वळता वळत नाही. यालाच जडत्व आघूर्ण, म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात. वस्तुमान अक्षापासून दुप्पट दूर नेले की ते चौपट होते. कार्स्टेन सोल्हाइम या जनरल इलेक्ट्रिकमधल्या अभियंत्याने १९५९ मध्ये हेच तत्त्व पटरला, म्हणजे हलक्या फटक्याच्या क्लबला लावले होते. भरीव लाकडात वजन मध्याशी साठते; पोकळ कवचात ते कडेला जाते. मग चेंडू मध्यापासून सरकून लागला तरी डोके कमी वळते.

पुढचा हिशेब धातूच्या घनतेचा. २०० ग्रॅम पोलाद म्हणजे सुमारे २६ घनसेंटिमीटर. तेवढेच टायटॅनियम ४४ घनसेंटिमीटर. म्हणजे त्याच वजनात कवच मोठे करता येते. कॅलवे कंपनीचा १९९१ चा ‘बिग बर्था’ पोलादी होता, आकारमान १९० घनसेंटिमीटर. १९९५ चा टायटॅनियमचा २५०. २००४ मध्ये नियम करणाऱ्यांनी ४६० ची मर्यादा घातली. गंमत म्हणून पाहा: २०० ग्रॅमचे ४६० घनसेंटिमीटर बंद डोके पाण्यावर तरंगायला हवे.

पातळ टायटॅनियमचे तोंड चेंडूला स्प्रिंगसारखे उसळवू लागले, तेव्हा १९९८ मध्ये अमेरिकन गोल्फ संघटनेने उसळीवरही मर्यादा आणली. आणि २००६ मध्ये जडत्व आघूर्णावर: ५९०० ग्रॅम-वर्ग सेंटिमीटर. याला २०० ने भागून वर्गमूळ काढा. सुमारे साडेपाच सेंटिमीटर येते, म्हणजे जणू सगळे वस्तुमान मध्यापासून तेवढ्या अंतरावर ठेवले आहे. उसळीवरची मर्यादा आम्हाला पटते. नाहीतर मैदाने लांबवत बसावे लागेल. जडत्व आघूर्णाची मर्यादा मात्र पटत नाही. तिचा फायदा ज्याचा फटका मध्यावर बसत नाही त्या सामान्य खेळाडूलाच सर्वाधिक होतो. कौशल्याचे रक्षण म्हणून त्याची सवलत काढून घेणे हे परीक्षा अवघड ठेवण्यासाठी फळा पुसण्यासारखे आहे.

शिकवणीच्या बाबतीत मात्र या खेळाचा इतिहास फारसा भूषणावह नाही. चेंडू डोक्याच्या मार्गाच्या दिशेने सुटतो आणि मग तोंडाच्या दिशेकडे वळतो, असे गोल्फचे शिक्षक कित्येक दशके सांगत आले. थिओडोर जॉर्गेन्सन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ च्या आपल्या पुस्तकात यामागची भूमिती नीट मांडली. या शतकात रडारने चेंडूचा माग काढणारी यंत्रे आली तेव्हा शंका उरली नाही. चेंडू सुटतो तो मुख्यतः तोंड जिकडे असते तिकडे; मार्ग आणि तोंड यांतल्या फरकाने तो वळतो. म्हणजे कित्येक शिकाऊ खेळाडू चुकीची गोष्ट दुरुस्त करीत राहिले, आणि चेंडू सुधारला नाही की दोष त्यांच्या हाताला लागला.

इतक्या सुधारणा होऊन फटके सरळ झाले का? अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धांत १९८० मध्ये ड्रायव्हरच्या फटक्याची सरासरी २५७ यार्डांच्या आसपास होती. आता ती ३०० च्या जवळ आहे. फेअरवेत पडणाऱ्या चेंडूंचे प्रमाण मात्र वाढले नाही, उलट थोडे घटलेच. मोठ्या डोक्याने जी चूक माफ केली, ती खेळाडूंनी अधिक जोरात मारण्यावर खर्च करून टाकली.

म्हणून ज्याला लांबीपेक्षा नेमकेपणा हवा, त्याने दुकानात काय मागावे हे या इतिहासातून सरळ निघते: मोठे डोके, अकरा-बारा अंशांचा लॉफ्ट आणि आखूड दांडा. पहिली गोष्ट दुकानदार आनंदाने देतो. दुसरीला गिऱ्हाईकच लाजते, कारण नऊ अंशांचा क्लब मर्दानी समजला जातो. तिसरी दुकानात सहसा मिळतच नाही. पर्सिमनच्या काळात ४३ इंचांच्या आसपास असलेला दांडा आता साडेपंचेचाळीस झाला आहे, कारण लांब दांड्याने वेग वाढतो आणि विकताना वेगच सांगायचा असतो. १९९७ मध्ये टायगर वुड्सने मास्टर्स स्पर्धा बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली, तेव्हा त्याच्या ड्रायव्हरचा दांडा पोलादी आणि साडेत्रेचाळीस इंचांचा होता.