चुंबकीय मेंदू-उद्दीपन

चुंबकीय मेंदू-उद्दीपन, अर्थात ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन (टीएमएस), ही चुंबकीय स्पंदांच्या साहाय्याने मेंदूतील ठरावीक भागाच्या चेतापेशींना उद्दीपित करण्याची पद्धत आहे. यासाठी शस्त्रक्रिया करावी लागत नाही आणि भूलही द्यावी लागत नाही. औषधांनी पुरेसा गुण न आलेल्या नैराश्यावर हा उपचार प्रामुख्याने वापरला जातो.

इतिहास

या पद्धतीचा पाया मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन हा आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये या पद्धतीने मानवी मेंदू उद्दीपित केला. १९९० च्या दशकाच्या मध्यात नैराश्यावरील उपचार म्हणून तिचे प्रयोग सुरू झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये नैराश्यासाठी आणि २०१८ मध्ये मंत्रचळ (ओसीडी) या विकारासाठी या उपचाराच्या उपकरणांना मान्यता दिली.

कार्यपद्धती

डोक्याला टेकवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर तीव्र विद्युतप्रवाह सोडला जातो. त्यातून निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र कवटी पार करून मेंदूच्या पृष्ठभागाजवळ सौम्य विद्युतप्रवाह प्रवर्तित करते. हाताचा अंगठा किंचित हलेल एवढी किमान तीव्रता शोधून त्यावरून प्रत्येक रुग्णाची मात्रा ठरवतात. नैराश्यात बहुधा कपाळामागील डाव्या ललाटखंडावर स्पंद दिले जातात. रुग्ण या काळात पूर्ण जागा असतो. सामान्यतः आठवड्यातून ५ दिवस, असे ४ ते ६ आठवडे उपचार चालतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन चाचणीत सुमारे ३ मिनिटांचे सत्र ३७ मिनिटांच्या प्रचलित सत्राइतकेच परिणामकारक आढळले.

विद्युतआघात उपचाराशी तुलना

जनसामान्यांत 'शॉक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्युतआघात उपचारात भूल देऊन मेंदूत नियंत्रित झटका घडवून आणला जातो. चुंबकीय उद्दीपनात झटका आणणे हा हेतू नसतो. अतितीव्र नैराश्यात मात्र विद्युतआघात उपचार अधिक प्रभावी मानला जातो. भारताच्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता विद्युतआघात उपचार करण्यास मनाई आहे.

दुष्परिणाम व मर्यादा

डोकेदुखी आणि टाळूवरील वेदना हे नेहमीचे दुष्परिणाम होत. अपस्मारासारखा झटका क्वचितच येतो. यंत्राच्या मोठ्या आवाजामुळे कानांत बोळे घालतात. डोक्यात लोहचुंबकीय धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्यांना हा उपचार देत नाहीत. सर्वच रुग्णांना गुण येत नाही आणि काहींमध्ये लक्षणे पुन्हा उद्भवतात.

भारतातील उपयोग

बंगळूरू येथील निमहान्स संस्थेत या पद्धतीवर संशोधन व उपचार होतात. उपचारासाठी रोज केंद्रात जावे लागत असल्याने रुग्णाच्या दृष्टीने अंतर महत्त्वाचे ठरते. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे 'घाटी'त, मराठवाड्याच्या अन्य जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. जालना या शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे, तर बीड त्याच्या दुपटीहून दूर. अशा अंतरावरील रुग्णाला मोठ्या शहरात हा उपचार घ्यायचा झाल्यास महिनाभराहून अधिक काळ रोजचा प्रवास किंवा मुक्काम करावा लागतो आणि मजुरीही बुडते. त्यामुळे यंत्राच्या उपलब्धतेइतकाच सत्रांचा कालावधी कमी होणे हाही ग्रामीण रुग्णांसाठी कळीचा मुद्दा आहे.