पांढुर्णा-सौंसरहून काय आणावे आणि केव्हा

आपल्यापैकी अनेकांचे सासर, माहेर किंवा कुलदैवत या भागात आहे. परतताना पिशवीत काय भरावे हा प्रश्न दरवेळी निघतो, म्हणून ही माहिती.

पांढुर्णा भोपाळ-नागपूर रेल्वेमार्गावर आहे आणि सौंसर छिंदवाडा-नागपूर मार्गावर. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, हा मराठी पट्टा मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा आहे आणि सौंसर त्यातली तहसील. मात्र गावाचे नाव छापलेला भेटवस्तूंचा डबा इथे शोधू नये. इथला माल बहुतेक नागपूरच्याच नावाने बाहेर जातो.

सर्वात ठळक उदाहरण संत्र्याचे. भौगोलिक मानांकन २०१४ मध्ये मिळाले ते ‘नागपूर संत्रा’ या नावाला. आपल्याकडच्या बागांतले फळ त्याच जातीचे. मधल्या काळात छिंदवाडा प्रशासनाने ‘सातपुडा ऑरेंज’ हे नाव पुढे आणण्याचा प्रयत्न केला, पण फळवाल्याकडे अजून कोणी त्या नावाने मागत नाही.

संत्रे घ्यायचे तर बहार ठाऊक हवा. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघते. मृग बहार पावसाच्या तोंडाशी फुलतो, त्याचे फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. मृगाचे फळ सहसा जास्त गोड. आंबिया थोडा आंबटसर असतो, पण दिवाळीच्या सुट्टीत तोच मिळतो. मे-जूनमध्ये गाडीवर दिसणारे संत्रे बागेतून आजच तोडलेले नसते, हे समजून घ्यावे.

रंगावर जाऊ नये. आंबियाचे फळ थोडे हिरवट असतानाही आत पिकलेले असते. हातात घेऊन वजन पाहावे. आकाराच्या मानाने जड असेल ते रसाळ. साल फार सुटलेली, फुगीर असेल तर आत फोडी कोरड्या निघतात. देठाची टिकली शाबूत असलेली फळे निवडावीत, नुसते ओढून तोडलेले फळ तिथूनच सडते. घरी नेईपर्यंत धुवू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी भोके असलेल्या खोक्यात, मध्ये वर्तमानपत्र घालून भरावे. आठवडाभर सहज टिकतात.

भावाबद्दल थोडे. बँकेत असताना बागांची कर्जप्रकरणे पाहिली आहेत. कलम लावल्यापासून पाचव्या-सहाव्या वर्षी खरे उत्पन्न सुरू होते, तोवर पाणी, खत, मजुरी सगळे घरातून. पुढेही फळगळ झाली की वर्षाचा हिशेब कोसळतो. त्यामुळे बरेच शेतकरी फळ झाडावर असतानाच सबंध बाग व्यापाऱ्याला देऊन मोकळे होतात. नंतर भाव चढला तरी त्यांच्या हाती काही येत नाही. रस्त्याकडेला बसलेला माणूस स्वतः बागवाला आहे का, हे विचारावे. असेल तर दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये, असे माझे मत आहे.

संत्र्याचा हंगाम नसेल तर वाळवण. उन्हाळ्यात घरोघरी कुरड्या, सरगुंडे, सांडगे, मुगवड्या होतात. काही ठिकाणी महिलांचे समूह विक्रीसाठीही करतात. दुकानापेक्षा ओळखीच्या घरी आधी सांगून ठेवणे चांगले. तुरीची डाळ आणि जवसही घेण्यासारखे. जवस कच्चेच न्यावे आणि घरी भाजून चटणी करावी, कुटलेले लवकर खवट होते. सातपुड्याच्या जंगलातली चारोळी आणि मोहफुले वरून तामियाच्या बाजूने येतात. चारोळी महाग असते. थोडीच घ्यावी आणि फ्रिजमध्ये ठेवावी.

टिकाऊ वस्तू हवी असेल तर सौंसर तहसिलीतले लोधीखेडा आठवावे. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये तिथल्या तांब्या-पितळेच्या कामाची नोंद आहे. आता सगळीकडे स्टील आहे, तरी जुन्या भांडीवाल्याकडे चौकशी करायला हरकत नाही. जामसावळीला निजलेल्या हनुमानाच्या दर्शनाला जाणारे पुष्कळ. मंगळवारी आणि शनिवारी तिथे गर्दी असते. देवळाबाहेरच्या दुकानांत तसबिरी, गंडे, खेळणी असतात, कुठल्याही देवस्थानी मिळतात तशीच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात खरेदीचा बेत आखू नये. त्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार असते, दगड खरोखर चालतात आणि माणसे जखमी होतात. मुलांना घेऊन तर जाऊच नये.

बाजारात पाट्या हिंदीत असल्या तरी मराठीतच बोलावे. मुलांना एवढे सांगून ठेवावे की इथे ‘सांबार’ मागितले तर कोथिंबीर मिळते आणि ‘भेदरे’ म्हणजे टोमॅटो. आठवडी बाजाराचा वार नातेवाइकांना विचारून निघावे. सकाळी लवकर गेल्यास भाजी त्याच दिवशी तोडलेली मिळते आणि पुढच्या गाडीपर्यंत गरम आलूबोंडा खायलाही वेळ राहतो.