सालई (शल्लकी)

सालई : (सं. शल्लकी, गजभक्ष्या, डिंकाला कुंदुरू, हिं. सलई, शास्त्रीय नाव बॉस्वेलिया सेराटा, कुल बर्सरेसी). चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर वाढणारा पानझडी वृक्ष. सालीला खाच पाडली की तिच्यातून सुगंधी, राळयुक्त डिंक झरतो. बायबलमध्ये पुन्हा पुन्हा येणारा लोबान दक्षिण अरबस्तान, सोमालिया व इथिओपिया या भागांतील, याच बॉस्वेलिया प्रजातीतल्या दुसऱ्या जातींचा. म्हणजे सालई ही त्या लोबानाची सख्खी बहीण नव्हे, चुलत बहीण. ‘बायबलकालीन तेल’ अशा चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या अलीकडे बाजारात दिसतात आणि त्यांत हे नाते फार ताणलेले असते. म्हणून ते आधीच सांगून टाकलेले बरे.

सागालाही पुरेशी माती मिळत नाही अशा मुरमाड उतारावर सालई उभी असते. ताडोबा-अंधारीच्या जंगलात ऐन, बिजा, धावडा, हळदू, तेंदू यांच्या जोडीने ती आढळते. ओल धरून ठेवणाऱ्या नदीकाठच्या खोऱ्यांत सहसा नसते. साल हिरवट राखी, कागदासारखे पापुद्रे सुटणारी. पाने कडुनिंबासारखी संयुक्त, दलांच्या कडा दातेरी. शास्त्रीय नावातले ‘सेराटा’ त्यावरूनच आले. उन्हाळ्याच्या तोंडावर झाड निष्पर्ण होते आणि त्या उघड्या फांद्यांच्या टोकांना पांढुरक्या फुलांचे तुरे येतात. फळ तिधारी. वणवा ती बऱ्यापैकी सोसते, गुरे तिला फारसे तोंड लावत नाहीत, आणि पावसाळ्याआधी फांदी तोडून रोवली तरी फुटते, त्यामुळे कुंपणाला ती सोयीची. हत्तींना मात्र ती आवडते, असे गजभक्ष्या हे नाव सांगते. सिरोंचा वनविभागात कमलापूरला वनखात्याचा हत्तीकॅम्प आहे, आणि २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला रानटी हत्तींचा कळपही गडचिरोलीत वावरतो. जुन्या कोशकारांचे म्हणणे पडताळून पाहण्याची सोय अशी जिल्ह्यातच झाली आहे.

लाकूड मऊ व हलके. खोकी, आगकाड्या यांसाठी ते गेले. नेपानगरच्या कारखान्याने तर बांबूबरोबर सालईचा लगदा करून वर्तमानपत्राचा कागद काढला. देवापुढे जाळायचा डिंक देणाऱ्या झाडावर रोजच्या बातम्या छापल्या गेल्या, असे म्हणायला हरकत नाही.

डिंक काढण्याचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि उन्हाळाभर चालतो. जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीचा पातळ पट्टा विळ्याने किंवा कुऱ्हाडीने तासतात. पहिल्यांदा पाझरणारा द्रव पारदर्शक, पिवळसर आणि इतका चिकट असतो की बोटे एकमेकांना चिकटतात. तेल लावल्याशिवाय सुटत नाहीत. वास आधी टर्पेंटाइनसारखा उग्र लागतो, मग लिंबाच्या सालीची झाक येते. गोळा केलेला माल बांबूच्या टोपलीत महिनाभर ठेवतात. त्यातला पातळ भाग, म्हणजे ‘रस’, खाली निथळतो आणि वर दाट गोळा उरतो. तो सुकवून लाकडी मोगरीने फोडतात. चिकटू नये म्हणून सेलखडीची भुकटी भुरभुरतात. मग रंग आणि स्वच्छता पाहून प्रतवारी होते. चांगल्या वाढलेल्या झाडाला वर्षाकाठी एक ते दीड किलो डिंक येतो. हात जड झाला, घाव सालीच्या पलीकडे लाकडात उतरला, तर जखम भरत नाही, किडे शिरतात आणि झाड वाळते. पट्टा किती खोल घ्यायचा हे त्यामुळे या कामातले खरे कौशल्य.

नावांचा घोळ मात्र झाडापेक्षा जुना आहे. हिब्रू ‘लेवोना’ आणि अरबी ‘लुबान’ ही दोन्ही नावे पांढरेपणाच्या, दुधाच्या अर्थाच्या एकाच धातूवरची. अरब व्यापाऱ्यांना पुढे सुमात्राकडून दुसऱ्याच झाडाची राळ मिळू लागली, तिला त्यांनी ‘लुबान जावी’ म्हटले, आणि आपल्या बाजारात लोबान हे नाव हळूहळू त्या राळेलाच चिकटले. ‘ऊद’ची कथा याहून गमतीची. अरबीत ऊद म्हणजे अगरूचे लाकूड. मराठी घरात संध्याकाळी निखाऱ्यावर घालतात तो ऊद बहुधा ही सुमात्राची राळ. आणि मराठी बायबलमध्ये पूर्वेकडचे ज्ञानी बाळ येशूला जो ऊद अर्पण करतात, तो मूळचा लोबान. त्याच्या जोडीचा ‘गंधरस’ म्हणजे किराणा दुकानातला हिराबोळ. तो देणारे झाड आणि गुग्गुळाचे झाड एकाच प्रजातीतले व सालईच्याच कुलातले. याच कुलातला काकड चंद्रपूरच्या जंगलातही वाढतो, पण डिंकासाठी त्याला कोणी विचारत नाही.

बायबलकाळातील तेले म्हणजे आजच्या अर्थाने ऊर्ध्वपातन करून काढलेले अर्क नव्हेत. निर्गम या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायातील अभिषेकाच्या तेलात गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी काडी २५०, तज ५०० आणि एक हिन जैतुनाचे तेल, असे माप दिले आहे. शेकेल साधारण ११ ग्रॅमचा धरला तर सुगंधी माल १७ किलोंच्या घरात जातो. हा सगळा माल तेलात मुरवायचा. आपल्याकडच्या तैलपाकाशी त्याचे नाते जवळचे. योहानाच्या शुभवर्तमानात मरिया येशूच्या पायांना लावते ते जटामांसीचे तेल हिमालयातून गेलेल्या मुळांचे होते. त्याची किंमत ३०० दिनार सांगितली आहे आणि त्या काळी एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी होती, तेव्हा वर्षभराची कमाई एका कुपीत गेली. वाफेवर तेल उतरवण्याची रीत रुळली ती बऱ्याच शतकांनंतर.

निर्गममधील ‘सुगंधी काडी’ कोणती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. वेखंड हे नेहमीचे उत्तर. पण एकोणिसाव्या शतकात जॉन फोर्ब्स रॉइल या वनस्पतिशास्त्रज्ञाला मध्य भारतातल्या एका गवतात ती दिसली आणि त्याने त्या गवताचे शास्त्रीय नावच ‘कॅलॅमस ॲरोमॅटिकस’ असे बेतले. हे आपले रोशा गवत, विदर्भातली तिखाडी. चार्ल्स हॅचेट याने तर त्यालाच प्राचीनांची जटामांसी ठरवले. दोघांचेही म्हणणे टिकले नाही. रोशाला आज सिम्बोपोगॉन मार्टिनाय म्हणतात. त्याच्या मोतिया वाणात जिरॅनिऑल हे गुलाबगंधी द्रव्य भरपूर असते. सोफिया वाणाचे तेल उतरत्या दर्जाचे. पिंपळनेर-नंदुरबारकडे ओढ्याकाठी भट्ट्या लावून हे तेल काढीत. मुंबईहून ते तांबड्या समुद्रातल्या बंदरांमार्गे इस्तंबूलला पोहोचे आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई. पवित्र ग्रंथात रोशाला जागा मिळाली नाही. अत्तराच्या बाटलीत मात्र त्याने ती पटकावली.

औषधी उपयोगात सालई आपल्या पायावर उभी आहे, तिला बायबलची साक्ष लागत नाही. चरकसंहितेत शल्लकीची साल पुरीषविरजनीय गणात येते, सुश्रुतसंहितेत शल्लकी रोध्रादी गणात. जुलाबावर सालीचा काढा, गळू व सुजेवर डिंकाचा लेप आणि डास पळवण्यासाठी धुरी, हे लोकव्यवहारातले उपयोग त्याला धरूनच आहेत. डिंक लावायचा तर तो तेलात विरघळवावा लागतो. जैतुनाचे काम इथे तिळाचे किंवा टोळंबीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, तेल करते. टोळंबीचे तेल थंडीत तुपासारखे थिजते. तळहातावर घेऊन निखाऱ्याजवळ धरले की सैल पडते, मग ते दुखऱ्या गुडघ्याला किंवा भेगाळलेल्या टाचेला चोळायचे. जंगलातल्या या ज्ञानाचा मोठा वाटा बायकांकडे असतो. रानी बंग यांचे ‘गोईण’ हे पुस्तक गडचिरोलीतल्या स्त्रियांच्या झाडांशी असलेल्या मैत्रीवरच आहे.

आधुनिक संशोधनाचा रोख बॉस्वेलिक आम्लांवर आहे. दाह वाढवणाऱ्या ल्युकोट्राईन द्रव्यांच्या निर्मितीतले ५-लिपॉक्सिजनेज हे विकर ही आम्ले रोखतात, असे १९९२ मध्ये जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील संशोधकांनी दाखवले. २००३ मध्ये नागपूरच्या संशोधकांची चाचणी प्रसिद्ध झाली. गुडघ्याच्या संधिवाताच्या ३० रुग्णांना आठ आठवडे सालईचा अर्क आणि आठ आठवडे निरुपद्रवी गोळी, आलटून पालटून, दिली. अर्काने वेदना कमी झाल्या, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले. क्ष-किरण चित्रात मात्र फरक दिसला नाही. म्हणजे दुखणे हलके झाले, झिजलेला सांधा होता तसाच राहिला. तीस रुग्ण ही संख्याही लहानच.

या संशोधनाचा हवाला देऊन जे तेल विकले जाते त्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. बॉस्वेलिक आम्ले वजनदार असतात, ती वाफेबरोबर वर चढत नाहीत. भांड्यात मागे उरणाऱ्या राळेतच राहतात. उतरवलेल्या तेलात थुजीन, पायनीन यांसारखी उडून जाणारी द्रव्ये येतात. त्यांना वास आहे, काही गुणही असतील, पण गुडघ्यावरच्या चाचणीचे श्रेय त्यांना देता येत नाही. असे तेल निर्भेळ लावल्यास कातडीची आग होते आणि ते पोटात घेण्याजोगे नसते. धुरीचेही तसेच. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडीवर ओवा, बाळंतशोपा आणि ऊद घालून झबली त्या धुरावर धरायची पद्धत आहे. झबल्यांना त्याचा त्रास नाही; तान्ह्या मुलाच्या छातीला होतो.

डिंक हे गौण वनोपज. २००६ च्या वनहक्क कायद्याने ते गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींना दिला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तोवर देशात फार थोड्या गावांना तो मिळाला होता. पण ग्रामसभांच्या हिशेबात मोठे आकडे तेंदूपत्ता आणि बांबूचे असतात. सालईचा डिंक किरकोळीत जातो. तिकडे इथिओपियातल्या लोबानाच्या झाडांत म्हाताऱ्यांची जागा घ्यायला रोपेच उगवत नाहीत, आणि पुढच्या वीस वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल, असा अंदाज २०१९ मध्ये मांडला गेला. भाव वाढला तर इकडच्या झाडांवर घाव वाढतील, ही भीती त्यामुळे अवाजवी नाही.

बाजारात नुसता ‘डिंक’ मागितला तर धावड्याचा, म्हणजे लाडवांचा, मिळतो; कधी कांडोळाचा. पारख सोपी आहे. धावड्याचा खडा पाण्यात विरघळून चिकट पाणी होते. कांडोळाचा फुगून जेलीसारखा होतो. सालईचा खडा खलात पाण्याबरोबर घोटला की पाणी दुधासारखे पांढरे होते.