अंड्याच्या टरफलापासून हाडाच्या खनिजापर्यंत

हाडातील पोकळी भरण्यासाठी रुग्णाच्याच शरीरातून हाड काढावे, तर एक जखम बुजवताना दुसरी करावी लागते. यावरील पर्यायाचा शोध शतकभर जुना आहे. १९२० मध्ये अमेरिकी शल्यविशारद फ्रेड अल्बी यांनी मोडलेले हाड सांधण्यासाठी कॅल्शियम फॉस्फेट वापरले. १९७४ मध्ये डेला रॉय व त्यांच्या सहकाऱ्याने प्रवाळापासून हायड्रॉक्सिॲपेटाइट तयार केले. हाडाला कठीणपणा देणारे खनिज याच जातीचे असते.

प्रवाळ मिळवायचे तर समुद्राला हात घालावा लागतो. टरफले मात्र उकिरड्यावर पडलेली असतात. त्यांचा सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. टरफले ९०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजली की आतला पापुद्रा जळतो आणि कळीचा चुना उरतो. त्याची योग्य प्रमाणात फॉस्फेटशी अभिक्रिया घडवली की हायड्रॉक्सिॲपेटाइट मिळते. आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी २००७ मध्ये सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने टरफलांपासून त्याचे नॅनोस्फटिक बनवल्याचे प्रसिद्ध केले.

तथापि हा पदार्थ ठिसूळ असतो. मांडीच्या हाडाचा भार तो एकट्याने पेलू शकत नाही. शिवाय प्रत्येक खेपेची शुद्धता सिद्ध करावी लागते. टरफल फुकट मिळते. ही शुद्धता मात्र परिश्रमानेच मिळवावी लागते.