‘आमच्याही घरी’ : ‘एम आणि हूमराव’चे वाचक

जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ ही इंग्रजी कादंबरी २०१२ साली प्रसिद्ध झाली. ‘द हिंदू’चा त्या वर्षीचा साहित्य पुरस्कार आणि पुढे २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. वाङ्मयेतिहासात तिची नोंद बहुधा या पुरस्कारांनिशी होईल. तिच्या स्वागताचा खरा इतिहास मात्र वेगळ्या ठिकाणी सापडतो. कादंबरी वाचलेले लोक लेखकाला गाठून आपल्या घरातील मनोरुग्णाविषयी बोलू लागले. या अनुभवातूनच पिंटो यांनी संपादित केलेला ‘अ बुक ऑफ लाइट’ हा आप्तांच्या कथनांचा संग्रह २०१६ मध्ये आकाराला आला. एखाद्या कादंबरीवर परिसंवाद होणे, फार तर समीक्षेचा ग्रंथ निघणे, हे आपल्या परिचयाचे आहे. वाचकांच्या आपबितीतून दुसरे पुस्तक उभे राहणे क्वचितच घडते.

असे का झाले असावे? कादंबरीतील कुटुंब मूळचे गोव्याचे, कॅथलिक, आणि राहणारे मुंबईतील माहीमच्या एका लहानशा फ्लॅटमध्ये. आई इमेल्डा म्हणजे ‘एम’, वडील ऑगस्टीन म्हणजे ‘बिग हूम’, मुलगी सूझन आणि निवेदन करणारा मुलगा. एमचे मन कधी उधाणते, कधी खोल गर्तेत जाते. ती आत्महत्येचे प्रयत्न करते. पण तीच एम बिड्या फुंकीत, चहाचे कपावर कप रिचवीत मुलांशी अशा विषयांवर बोलते की मध्यमवर्गीय घरात कोणी उच्चारही करणार नाही. वाचक हसतो आणि हसल्याबद्दल थोडा ओशाळतो. ‘भावनाप्रधान’ हा शिक्का या कादंबरीवर सर्रास मारला जातो. तो मला पटत नाही. इथे रडण्याला फारशी जागाच ठेवलेली नाही. वाचक बोलते झाले ते करुणेमुळे नव्हे, तर रुग्णाचा राग येणे, कंटाळा येणे, तिच्यावर हसणे हे सारे प्रेमाच्या पोटात बसू शकते, हे कोणीतरी लिहिलेले पाहून, असे मला वाटते.

मराठी वाचकाला या ठिकाणी जयवंत दळवी आठवल्यावाचून राहत नाहीत. ‘अंधाराच्या पारंब्या’ ही त्यांची कादंबरी आणि तिच्यावरून आलेले ‘बॅरिस्टर’ हे १९७७चे नाटक, दोन्हींत वेड हा घराण्याचा वारसा आहे आणि तो आपल्यापर्यंत येणार ही भीती नायकाला पोखरते. पिंटोंच्या निवेदकालाही नेमकी हीच भीती आहे. साम्य इथे संपते. दळवींकडे वेड हे नियतीसारखे येते. प्रेक्षक थरारतो, विक्रम गोखल्यांच्या अभिनयाला दाद देतो आणि घरी जातो. ‘बॅरिस्टर’ पाहून ‘आमच्याही घरी असेच’ असे चारचौघांत म्हणणे त्या काळी सोपे नव्हते. घराण्यात वेड आहे हे कळले की मुलीचे स्थळ मोडे. कायद्याची भाषाही निराळी नव्हती : १९१२चा ‘इंडियन ल्यूनसी ॲक्ट’ १९९३ साली नवा कायदा अमलात येईपर्यंत लागूच होता. माहीमच्या फ्लॅटमध्ये तर माणूस दडवायला माळा नाही की मागील दाराची खोली नाही. त्या घरात आजार सर्वांच्या मध्ये, बैठकीतच बसलेला असतो.

आता आपल्या शिस्तीतला प्रश्न. ‘हे तर आमच्याच घरातले’ अशी प्रतिक्रिया विद्यार्थ्याने दिली की आपण प्राध्यापक मंडळी लगेच सावध होतो : कलाकृती आणि अनुभव यांत गल्लत नको! पिंटोंच्या कादंबरीमागे त्यांच्या आईचा आजार आहे हे त्यांनी लपवलेले नाही. पण हे पुस्तक घडवायला त्यांना दोन दशकांहून अधिक काळ लागला, ही गोष्ट तेवढीच महत्त्वाची. एमची बोलण्याची लकब, शब्दांशी चाललेला तिचा खेळ, ही निव्वळ स्मरणाने साधणारी गोष्ट नव्हे. तेव्हा सावधगिरी योग्यच. मात्र ‘आमच्याही घरी’ म्हणणारा वाचक कच्चा वाचक असतो हे गृहीतक या कादंबरीपुरते तरी सोडावे लागते. त्याने कलाकृतीतून एक परवानगी उचलली, आणि ती कलाकृतीतच होती.

माझी तक्रार निराळी आहे. ‘अ बुक ऑफ लाइट’चे उपशीर्षकच सांगते की बोलणारे आहेत ते आप्त, ज्याचे मन ‘वेगळे’ आहे तो नव्हे. मुलाने आईविषयी, बहिणीने भावाविषयी. कादंबरीचा वाचकही निवेदक मुलाच्या जागी जाऊन बसतो, एमच्या जागी फारसा जात नाही. वास्तविक एमची पत्रे आणि नोंदी कादंबरीत जागोजागी आहेत. प्रतिसादाच्या या सगळ्या इतिहासात त्यांच्याकडे मात्र कोणी वळलेले दिसत नाही.

म्हणूनच या कादंबरीचे मराठी भाषांतर शांता गोखले यांनी करावे, हा मला नुसता योगायोग वाटत नाही. त्यांची ‘रीटा वेलिणकर’ मनाने कोलमडून रुग्णालयात पडलेल्या स्त्रीची कादंबरी आहे, आणि तिथे पाहणारी, आठवणारी, बोलणारी ती स्वतः आहे. भाषांतरात त्यांनी ‘बिग हूम’चा ‘हूमराव’ केला. त्या ‘राव’मध्ये आदर आहे, थट्टा आहे, आणि नवऱ्याला घरात असे हाक मारणाऱ्या बाईचा आवाजही आहे. दोन्ही कादंबऱ्या एका सत्रात शेजारी ठेवून शिकवाव्यात, आणि विद्यार्थ्यांना आधी एमची पत्रे वाचायला द्यावीत.